मीठ का वितळत नाही? अणूंच्या बंधांचा हिशेब

आजच्या भागासाठी प्रयोगशाळा लागणार नाही, घरातला ओटा पुरेल. ओट्यावर दोन डबे असतातच, एक साखरेचा आणि एक मिठाचा. दोन्ही पांढरे, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यात विरघळतात. घाईत चहात मीठ पडतं ते यामुळेच.

आता कोरड्या तव्यावर चमचाभर साखर टाका आणि गॅस लावा. थोड्या वेळात ती वितळते, सोनेरी होते, मग तपकिरी होते. लक्ष दिलं नाही तर काळी पडते आणि घरभर वास सुटतो. तवा धुवा आणि त्यावर मीठ टाका. थोडं तडतडेल, बस. पाच मिनिटं ठेवा, पंधरा मिनिटं ठेवा, ते मीठच राहणार. मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. आपल्या तव्याची तेवढी पोच नाही.

दोन पांढऱ्या पुडी आणि स्वभाव इतके वेगळे, हे का? उत्तर आहे रासायनिक बंधांत, म्हणजे अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात त्यात. शाळेत आपण हे शिकलोय. आयनिक बंध, सहसंयुज बंध, त्यांतले फरक, चार मार्कांचा प्रश्न. पण पाठ केलेलं पेपरसोबत विसरलं जातं. आज आपण तेच वेगळ्या बाजूने बघू. प्रत्येक बंधाला एकच प्रश्न विचारू: जुळताना किती मिळालं आणि तोडायला किती लागेल? शेवटी एका अशा बंधापर्यंत पोचू, ज्याचा हिशेब चुकला तर माणूस दगावतो. तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

आधी एक गैरसमज दूर करू

बंध म्हटलं की डोळ्यांसमोर दोरा येतो किंवा फेविकॉल येतो. पुस्तकातही दोन अक्षरांच्या मध्ये रेघ काढलेली असते. प्रत्यक्षात अणूंच्या मध्ये ना दोरा असतो ना रेघ. अणूच्या मध्यभागी धन प्रभाराचं केंद्रक असतं आणि त्याच्याभोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. दोन अणू जवळ आले की एकाचं केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनांना ओढतं. त्याच वेळी केंद्रक केंद्रकाला ढकलतं आणि इलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनांना ढकलतात. या ओढाताणीत एक अंतर असं येतं की तिथे एकूण ऊर्जा सगळ्यात कमी असते. अणू तिथे स्थिरावतात. चेंडू घरंगळत खड्ड्यात जाऊन थांबतो, तसं.

आता यातून निघणारी गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण कॉलेजात गेलेल्या मुलांचाही इथे गोंधळ होतो. चेंडू खड्ड्यात पडताना ऊर्जा सुटते. त्याला वर काढायचं तर ऊर्जा घालावी लागते. म्हणजे बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते आणि बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. प्रत्येक वेळी, कुठल्याही बंधासाठी.

तुम्ही म्हणाल, मग गॅस पेटवल्यावर उष्णता कुठून येते? आपण तर ऐकलंय की इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटले की ती सुटते. तसं नाहीये. पाइपने घरी येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एका मिथेन रेणूत कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. तो जळताना त्याचे चार बंध तुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन रेणूंचेही बंध तुटतात. हा झाला खर्च. एक मोल मिथेनमागे, म्हणजे १६ ग्रॅममागे, तो साधारण २,६५० किलोज्यूल येतो. मग नवे बंध जुळतात, एका कार्बन डायऑक्साइडचे आणि दोन पाण्यांचे. ही झाली जमा, साधारण ३,४५० किलोज्यूल. वरचे ८०० किलोज्यूल शिल्लक राहतात, आणि त्यावर आपला चहा होतो.

सुरुवातीला लायटरची ठिणगी का लागते, तेही यातून कळतं. पहिले काही बंध तोडायचा खर्च कुणीतरी आधी करावा लागतो. एकदा सुरू झालं की आलेल्या कमाईतून पुढचा खर्च भागत राहतो.

मिठाचा तोट्याचा व्यवहार

आता मिठाचा डबा उघडू. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. त्याला केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात, कारण पाणी लागलं की तो भडकतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने तो शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. असे हे दोघं एकत्र येतात आणि आपण ते वरणात घालतो.

शाळेत सांगतात की सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात. सोडियम एक देऊन टाकतो, क्लोरीनचे आठ होतात आणि दोघं खूश. ऐकायला छान आहे. पण हिशेब मांडून बघा.

सोडियमच्या अणूतून तो एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल खर्च येतो. सोडियम आनंदाने काही देत नाही, त्याच्याकडून ओढून काढावं लागतं. क्लोरीन तो इलेक्ट्रॉन घेतो तेव्हा ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटा! मग हा व्यवहार होतोच कशाला?

कारण कमाई पुढे आहे. इलेक्ट्रॉन गेल्यामुळे सोडियम धन प्रभारित आयन झाला, इलेक्ट्रॉन आल्यामुळे क्लोरीन ऋण प्रभारित आयन झाला. आता असे अब्जावधी आयन एकमेकांना ओढून रांगेत बसतात. प्रत्येक सोडियमच्या शेजारी सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडच्या शेजारी सहा सोडियम. वर, खाली, चारही बाजूंना. ही जाळी जुळताना मोलमागे ७८७ किलोज्यूल सुटतात. सोडियम धातूतून अणू सुटे करायचा आणि क्लोरीनची जोडी फोडायचा खर्च वजा केला, तरी ४११ किलोज्यूल नफा उरतो.

७८७ हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. एक मोल मीठ म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न ग्रॅम, मूठभर समजा. त्यातले सगळे आयन एकमेकांपासून पूर्ण सुटे करायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढ्यात २५ अंशांवरचं अडीच लिटर पाणी उकळीला येईल. मूठभर मिठाची पकड ही अशी आहे. वितळण्यासाठी आयन इतके दूर जावे लागत नाहीत, नुसते रांगेतून हलले तरी चालतं. पण सगळीकडून धरून ठेवलेले असल्यामुळे तेवढ्यासाठीही ८०१ अंश लागतात.

आणखी एक गंमत. मिठात 'हा एक सोडियम आणि हा त्याचा एक क्लोरीन' अशी जोडी दाखवता येत नाही. मिठाचा रेणूच नसतो, संपूर्ण खडा म्हणजे एक जाळी. १९१३ साली इंग्लंडमध्ये लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या मदतीने ही रचना उलगडली. १९१५ साली वडील विल्यम ब्रॅग यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय होतं २५. पण हे सगळ्यांना पटलं असं समजू नका. १९२७ साली सुद्धा हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर सडकून टीका केली होती. मिठाला रेणू नाही, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती.

मग जे तव्यावर हलत नाही, ते साध्या पाण्यात कसं विरघळतं? तिथेही ७८७ चा खर्च आहेच, फक्त तो पाणी भरतं. पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला घेरतात, नवी ओढ तयार होते आणि त्यातून जवळजवळ तेवढीच ऊर्जा मिळते. किंचित कमी पडते, ती पाण्याच्या उष्णतेतून घेतली जाते. म्हणून मीठ विरघळताना पाणी अगदी थोडंसं थंड होतं.

साखर, हिरा आणि शिसपेन्सिल

आता साखरेचा डबा. साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिळून ४५ अणू असतात. इथे कुणी कुणाला इलेक्ट्रॉन देऊन टाकत नाही. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक राहते. दोन्ही केंद्रकं त्याच जोडीला ओढतात आणि त्यामुळे एकमेकांजवळ राहतात. दोन भावांच्या शेतांमध्ये एक सामाईक विहीर असावी, तसं. सामाईक जोडीची ही कल्पना अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. पुस्तकात आपण अणूंभोवती टिंबं काढतो ना, ती त्यांचीच देणगी. १९१९ साली अर्व्हिंग लँगम्यूर यांनी या बंधाला जे इंग्रजी नाव दिलं, त्यालाच आपण मराठीत सहसंयुज म्हणतो.

मग साखर लवकर का वितळते? हा बंध कमजोर आहे म्हणून? नाही. रेणूच्या आतले बंध चांगले दणकट आहेत. पण एका साखर रेणूने शेजारच्या साखर रेणूला धरलंय ते मात्र हलक्या हाताने. तव्यावर आधी ही हलकी पकड सुटते आणि साखर पातळ होते. उष्णता वाढली की आतले सहसंयुज बंधही तुटू लागतात, पाणी निघून जातं, नवे पदार्थ तयार होतात. म्हणून रंग येतो, वास येतो, कडवट चव येते. हा रंग एकदा आला की गेला. थंड केल्यावर पुन्हा पांढरी साखर मिळत नाही, कारण रेणूच बदललेत.

म्हणजे 'आयनिक पक्का आणि सहसंयुज कच्चा' हे समीकरण डोक्यातून काढून टाका. पुरावा हवा असेल तर हिरा बघा. हिरा म्हणजे नुसता कार्बन. प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना सहसंयुज बंधांनी धरून आहे आणि ही साखळी हिऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही तुटत नाही. परिणाम काय, तर निसर्गात सापडणाऱ्या सगळ्यात कठीण पदार्थांत त्याची गणना होते.

तोच कार्बन शिसपेन्सिलीतही असतो. नावात शिसं असलं तरी शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. त्यात असतं ग्रॅफाइट आणि थोडी माती. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांना धरतो, तेही एकाच पातळीत. पातळीच्या आत बंध जबरदस्त. पण एका थरावर दुसरा थर नुसता टेकलेला असतो, व्हॅन डर वाल्स नावाच्या फार क्षीण ओढीने. कागदावर घासलं की थर सुटून कागदावर बसतात आणि आपण म्हणतो, अक्षर उमटलं. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टी लावून ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत एकाच अणूच्या जाडीचा थर मिळवला. त्याला म्हणतात ग्राफीन. २०१० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

आणि क्षीण ओढ म्हणजे बिनकामाची, असंही समजू नका. घरातली पाल छतावर उलटी चालते ती याच ओढीवर. तिच्या पायांवरच्या लाखो सूक्ष्म केसांची टोकं भिंतीला टेकतात. प्रत्येक टोकाची पकड नगण्य, पण सगळ्यांची मिळून पालीचं वजन सहज पेलते. शिवाय पकड हलकी असल्यामुळे पाय पटकन उचलताही येतो. पाय कायमचा चिकटला असता तर पाल चालली कशी असती?

तांबट आळीत ऐकू येणारा बंध

तिसरा प्रकार बघायला पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊ. तिथे तांब्याची भांडी हातोडीने ठोकून घडवली जातात. या मठारकामाचा ठणठण आवाज गल्लीत शिरल्यावर ऐकू येतो. आता विचार करा. तांब्यावर हजारो घाव घातले तरी ते फुटत नाही, हळूहळू बाक घेतं. मिठाच्या खड्यावर एक घाव घाला, चुरा होतो. दोन्हींमध्ये कण रांगेतच बसलेत, मग फरक कुठे?

मिठात धन, ऋण, धन, ऋण अशी रांग आहे. घावाने एक थर जरासा सरकला की धनसमोर धन आणि ऋणसमोर ऋण येतं. जे एकमेकांना ओढत होते त्यांच्याच जागी एकमेकांना ढकलणारे आले. खडा तिथेच फुटतो.

तांब्यात सगळे अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक करतात. पण ते दोघांमध्ये नाही, अख्ख्या भांड्यात. धन प्रभारित तांब्यांची रांग आणि त्यांच्यातून मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन. थर सरकला तरी इलेक्ट्रॉन लगेच नव्या जागी पसरतात, ओढ कायम राहते. याला म्हणतात धातू बंध. वायरमधून वीज वाहते ती याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. तुमच्या चार्जरमधली तांब्याची तार आणि आजीचा तांब्याचा हंडा, दोन्हींमागे एकच कारण आहे.

ठोकून ठोकून तांबं कडक होतं, कारण थर सरकताना रांगांमध्ये गुंते तयार होतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं. मग कारागीर भांडं तापवतो. उष्णतेने अणू पुन्हा नीट जागा घेतात आणि तांबं मऊ होतं. धातुविज्ञानाच्या वर्गात शिकवतात ते हे लोक पिढ्यान्‌पिढ्या हाताने करत आलेत.

आणि इथेही बंधाच्या प्रकारावरून ताकद ठरत नाही हं. धातू बंध पाऱ्यातही आहे आणि टंगस्टनमध्येही. पारा उणे ३९ अंशांनाच वितळतो, म्हणून आपल्याकडे तो कायम पातळ दिसतो. टंगस्टन वितळायला ३,४०० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून जुन्या पिवळ्या दिव्यांत त्याची तार असायची.

कप्पे पुस्तकात, निसर्गात उतार

आतापर्यंत तीन कप्पे झाले. इलेक्ट्रॉन दिला घेतला तर आयनिक, दोघांत सामाईक तर सहसंयुज, सगळ्यांत सामाईक तर धातू बंध. पण निसर्गाने काही हे कप्पे आखलेले नाहीत. लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली एक सोपी मोजपट्टी मांडली: बंधातल्या इलेक्ट्रॉनांना कुठला अणू किती जोराने स्वतःकडे ओढतो. याला म्हणतात विद्युतऋणता. दोघांची ओढ सारखी असेल तर वाटणी समान. फरक थोडा असेल तर जोडी एका बाजूला झुकलेली. फरक खूप मोठा असेल तर ती जवळजवळ एकाकडेच गेलेली. म्हणजे सहसंयुजपासून आयनिकपर्यंत हा एक सलग उतार आहे. रासायनिक बंधांवरच्या संशोधनासाठी पॉलिंग यांना १९५४ साली नोबेल मिळालं.

या उताराच्या मधोमध आपलं पाणी बसलंय. ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा बराच जास्त ओढतो. म्हणून पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. ताकद विचाराल तर मोलमागे साधारण २० किलोज्यूल. पाण्याच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा सहसंयुज बंध ४६० च्या आसपास. म्हणजे वीस पटींहून जास्त फरक.

चहाचं पाणी उकळतं तेव्हा यातला फक्त हलका बंध सुटतो. वाफ म्हणजे पाण्याचेच अख्खे रेणू, फक्त एकमेकांपासून सुटलेले. आतला बंध तुटला असता तर पातेल्यातून हायड्रोजन निघाला असता आणि शेजारी पेटलेला गॅस. नको ती कल्पना!

आणि हा हलका बंध नसता तर? पाण्याचाच भाऊ शोभेल असा हायड्रोजन सल्फाइड घ्या, तोच तो सडक्या अंड्यांच्या वासाचा. रचना तशीच, वजन पाण्यापेक्षा जास्त, पण हायड्रोजन बंध फारच दुबळे. तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी १०० अंशांपर्यंत थांबतं म्हणून नद्या आहेत आणि आपण आहोत.

तुमच्या डीएनएचे दोन धागेही हायड्रोजन बंधांनीच जोडलेले असतात. ए आणि टी या अक्षरांमध्ये दोन बंध, जी आणि सी यांच्यामध्ये तीन. प्रत्येक धाग्याचा कणा मात्र सहसंयुज बंधांचा. का बरं? पेशीची नक्कल करताना दोन धागे वेगळे करावे लागतात, पण धागा तुटून चालत नाही. जिथे टिकायला हवं तिथे महाग बंध, जिथे उघडझाप हवी तिथे स्वस्त बंध.

बाथरूममधला बंध

आता सुरुवातीला म्हटलं होतं, त्या बंधाकडे येऊ.

तुमच्या रक्तात हिमोग्लोबिन आहे. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, ऑक्सिजनसाठी चार खुर्च्या म्हणा. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये वीसहून जास्त वर्षं खपून या रेणूची रचना शोधली. १९६२ साली त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत नोबेल मिळालं. फुप्फुसांत ऑक्सिजन येऊन लोहाला जोडला जातो. रक्त पुढे मेंदूकडे, स्नायूंकडे जातं आणि तिथे तो सुटतो. यात दोन गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. फुप्फुसात धरता आलं पाहिजे आणि मेंदूत सोडता आलं पाहिजे. बंध फार हलका असता तर ऑक्सिजन नेताच आला नसता, फार घट्ट असता तर देता आला नसता.

आता गॅस गिझर बघा. गॅस जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. बाथरूम छोटं, दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस अर्धवट जळतो. कार्बनला ऑक्सिजनचे दोन अणू मिळायला हवेत, तिथे एकच मिळतो. तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला माहीत आहे तो सिलिंडरमधल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. तो जळून गेलेला असतो, त्यामुळे तोही सावध करत नाही.

हा वायू रक्तात जाऊन त्याच खुर्चीवर बसतो. त्यातला कार्बन आपल्याकडची इलेक्ट्रॉनांची जोडी लोहाला देऊ करतो. जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूने आले, तर त्याला समन्वय बंध म्हणतात. सहसंयुज बंधाचाच हा एक प्रकार. आणि हिमोग्लोबिनची कार्बन मोनॉक्साइडला धरायची ओढ ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून जास्त आहे. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी एकेक खुर्ची बळकावत जातो. वर आणखी एक घात होतो. त्याच रेणूतल्या उरलेल्या खुर्च्यांवर जो ऑक्सिजन असतो, त्यालाही हिमोग्लोबिन जास्त घट्ट धरून बसतं. रक्तात ऑक्सिजन आहे, पण मेंदूला मिळत नाही.

डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. आंघोळ करताना असं झालं तर माणसाला वाटतं, गरम पाण्यामुळे किंवा उपाशीपोटी असल्यामुळे होत असेल. दार उघडायचं सुचायच्या आत शुद्ध हरपते. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या आपण वाचतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचंही हेच होतं.

आता तुमच्या पिढीसाठी खास सूचना. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. तो रक्ताच्या रंगावरून अंदाज घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजन बसल्यासारखंच लालभडक दिसतं. माणूस गुदमरत असतो आणि स्क्रीनवर आकडा ९८ दिसू शकतो. मनगटावरचं घड्याळही प्रकाशावरच चालतं. त्या आकड्यावर विसंबू नका.

उपाय काय? बंध घट्ट असला तरी तो सुटतो, फक्त वेळ लागतो. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला साधारण चार ते पाच तास लागतात. दवाखान्यात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की हाच वेळ दीड तासाच्या आसपास येतो. ऑक्सिजनची गर्दी इतकी वाढवायची की सुटलेली खुर्ची पुन्हा त्यालाच मिळेल. म्हणून कुणी असं बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला, बरं वाटतंय म्हणाला, तरी दवाखान्यात न्याच.

भाड्याची खोली घेताना वायफाय आहे का, हे आपण विचारतो. त्याबरोबर आणखी एक विचारा: गिझर गॅसवरचा आहे का, असेल तर तो बाथरूमच्या बाहेर आहे का? बाहेर असेल तर तिथे हवा खेळती आहे का, आणि धूर घराबाहेर नेणारा पाइप आहे का? तो बाथरूमच्या आतच असेल तर मालकाला बाहेर हलवायला सांगा. तोवर आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मग आंघोळीला जा. खिडकीची फट थंडीसाठी कागद कोंबून बंद करू नका.

आजच्या भागात आपण तोच प्रश्न मिठाला, साखरेला, तांब्याला, पाण्याला आणि रक्तालाही विचारला. तुम्हीही विचारत जा. रबर ताणतं आणि काच फुटते, ते का? मेण हातात मऊ होतं आणि खडू होत नाही, ते का? सुचेल ते उत्तर आम्हाला पाठवा, चुकलं तरी चालेल. आणि हा भाग घरापासून लांब राहणाऱ्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला नक्की पाठवा, थंडी सुरू व्हायच्या आत.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.